बारा आण्यांचा मसाला

दुसऱ्या पिढीची ऑडी क्यू-७ डिसेंबर २०१५ मध्ये भारतात आली तेव्हा तिची शोरूममधली किंमत ७२ लाखांपासून पुढे होती. त्यावर महाराष्ट्राचा रोड टॅक्स, विमा आणि बाकीचं किडूकमिडूक चढवलं की गाडी दारात उभी राहीपर्यंत आकडा पाऊण कोटीच्या बराच पुढे जायचा. तीच गाडी, २०१६-१७ चं पासिंग, साठ-सत्तर हजार किलोमीटर झालेली, आज पंचवीस लाखांच्या आगेमागे मिळते. नव्या इनोव्हा हायक्रॉसच्या वरच्या मॉडेलला याहून जास्त पैसे पडतात.

मग घरात हिशेब सुरू होतो. दुसरं बाळ आलंय, आई-बाबांचं गावाहून येणंजाणं वाढलंय, आत्ताच्या हॅचबॅकच्या डिकीत बाळाची गाडी ठेवली की दुसरं काही मावत नाही. गणपतीला कोकणात जायचं तर दोन गाड्या काढाव्या लागतात. तेवढ्याच पैशांत सात सीटची, आठ एअरबॅगची, घाटात न डगमगणारी जर्मन गाडी मिळत असेल तर नवी साधी गाडी कशाला घ्यायची? प्रश्न रास्त आहे, पण या हिशेबात एक रकाना राहून जातो.

गाडीची किंमत घसरते, तिच्या सुट्या भागांची घसरत नाही. विमा कंपनीच्या तक्त्यात गाडीची किंमत पहिल्या वर्षाअखेरी १५ टक्के आणि पाच वर्षांत ५० टक्के खाली येते. आलिशान गाड्यांची बाजारातली घसरण त्याहूनही वेगवान असते. पण तिचा हेडलॅम्प, गिअरबॉक्सचा मेकॅट्रॉनिक, सस्पेन्शनचा कॉम्प्रेसर यांना आपली गाडी आता पंचवीस लाखांची झाली आहे हे कुणी सांगितलेलं नसतं. ते अजून ७२ लाखांच्या गाडीचेच भाग आहेत. शिवाय यांतल्या बऱ्याच गाड्या आपल्याकडे जुळवलेल्या आहेत म्हणून त्यांचे भाग स्वस्त असतील, असाही एक गोड गैरसमज असतो. मर्सिडीजचा कारखाना चाकणला आहे, लँड रोव्हर पुण्याजवळ चिखलीत जुळतात, ऑडी शेंद्र्याला. पण जुळवणी इथली असली तरी महत्त्वाचे भाग बाहेरूनच येतात. एखादा सेन्सर जर्मनीहून यायचा असेल तर चाकणचा गाडीवालाही तितकेच दिवस रिक्षाने फिरतो.

एक उदाहरण जरा जवळून पाहू. मर्सिडीजचं तीन लिटरचं व्ही-६ डिझेल इंजिन, कारागिरांच्या भाषेत ओएम ६४२. एमएल ३५०, जीएल ३५०, पुढे जीएलएस ३५०डी, अशा अनेक गाड्यांत ते बसलं. इंजिन म्हणून उत्तम. नीट सांभाळलं तर तीन लाख किलोमीटरही सहज जातं. या इंजिनात सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या व्ही आकाराच्या खोबणीत, अगदी तळाशी, ऑइल कूलर बसवलेला आहे. त्याचे रबरी सील उष्णतेने वर्षानुवर्षं भाजून कडक होतात आणि तेल झिरपायला लागतं. खोबणीतून ते मागे वाहतं, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेत तिथून खाली ठिबकतं. नवखा मेकॅनिक ते पाहून क्रँकचं मागचं सील गेलं म्हणतो आणि गिअरबॉक्स उतरवायला निघतो. खरं दुखणं वर असतं. ते सील तसे किरकोळ किमतीचे. पण तिथवर हात पोचायला टर्बो काढावा लागतो, दोन्ही बाजूंचे इनटेक मॅनिफोल्ड काढावे लागतात, आणि एकदा ते काढले की त्यांची गॅस्केटं, काजळी धरलेले पाइप, थकलेली स्वर्ल मोटर, सगळंच बदलण्याच्या लायकीचं दिसायला लागतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण या कामासाठीच जन्मली असावी.

यातून घ्यायचा अर्थ ‘मर्सिडीज नको’ असा नाही. प्रत्येक इंजिनाचं असं एखादं ठरलेलं दुखणं असतं आणि ते जगाला माहीत असतं. ऑडीच्या तीन लिटर डिझेलची टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. ती बदलायची तर मोठी खटपट. बीएमडब्ल्यूच्या जुन्या एक्स-१ आणि एक्स-३ मधल्या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनाचंही तेच. लँड रोव्हरच्या दोन लिटर इंजेनियम डिझेलमध्ये काजळीचा फिल्टर जाळून साफ करण्याच्या प्रक्रियेत डिझेल ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि चेन झिजते. गाडी बघायला जाण्याआधी त्या इंजिनाचं दुखणं कोणतं, हे शोधून ठेवा आणि विक्रेत्याला थेट विचारा, ‘ते काम झालंय का? बिल आहे का?’ बिल हातात असलेली गाडी लाखभर महाग असली तरी तीच घ्यावी. ज्याला प्रश्नच कळत नाही, त्याने ते काम केलेलं नसतं.

माणसं कुठे बसणार

कुटुंबासाठी गाडी घेतो म्हणताना लोक इंजिन, सनरूफ आणि स्पीकर बघतात. तिसऱ्या रांगेत स्वतः बसून बघणारा गिऱ्हाईक विरळा. आधी तिथे बसा. गुडघे छातीला लागतात का, डोकं छताला लागतं का, एसीची हवा तिथवर येते का, पट्टा आणि हेडरेस्ट धड आहेत का, खिडकीच्या वरचा पडदा-एअरबॅग मागपर्यंत पोचतो का. डिस्कव्हरी स्पोर्टला लँड रोव्हरच पाच अधिक दोन म्हणते, आणि त्या अधिक दोनमध्ये दहा-अकरा वर्षांपर्यंतची मुलंच बसू शकतात. बीएमडब्ल्यू एक्स-५ च्या तिसऱ्या रांगेचीही तीच गत. क्यू-७ आणि व्होल्वो एक्ससी-९० मध्ये मध्यम उंचीचा मोठा माणूस लोणावळ्यापर्यंत तक्रार न करता जाईल. जीएलएस मात्र खरोखर सात माणसांची गाडी आहे.

खरी अडचण लहान मुलाच्या सीटची. तिसऱ्या रांगेत शिरायला मधली सीट पुढे दुमडावी लागते. त्या सीटवर बाळाची खुर्ची आयसोफिक्सच्या आकड्यांना पक्की बसवली असेल तर ती वाट बंद. आपल्याकडे फूटपाथ डावीकडे, म्हणून माणसं डावीकडून चढतात, आणि आई बाळाची खुर्चीही नेमकी डावीकडेच लावते. मग आजी तिसऱ्या रांगेत कुठून जाणार? क्यू-७ आणि एक्ससी-९० मध्ये मधल्या रांगेत तीन स्वतंत्र सीट आहेत, त्यामुळे मांडणीला थोडा वाव मिळतो. एक्ससी-९० च्या मधल्या सीटमध्ये शाळकरी मुलासाठी वर उचलायची बैठक काही मॉडेलांत कंपनीनेच बसवून दिली आहे. कागदावर काहीही लिहिलेलं असो, गाडी बघायला जाताना घरची बाळखुर्ची सोबत न्या. ती बसवा, दार लावा, आणि आजीला आत चढवून बघा. पाच मिनिटांत जे कळतं ते दहा व्हिडिओ पाहून कळत नाही.

डिकीही तिसरी रांग उभी करूनच मोजायची. सातही माणसं बसली की बहुतेक गाड्यांत मागे दोन लहान बॅगा आणि एक पाण्याचा जार एवढीच जागा उरते.

आणखी एक गोष्ट घरातून निघण्याआधी मोजा, ती म्हणजे सोसायटीतलं पार्किंग. एक्ससी-९० पाच मीटरला जेमतेम पाच सेंटीमीटर कमी, क्यू-७ पाच मीटरच्या थोडी वर, जीएलएस त्याहून लांब. मुंबई-पुण्याच्या नव्या इमारतींत यांत्रिक पार्किंग असतं, आणि त्याच्या पाट्यावर किती वजन आणि किती उंची चालेल ते लिहिलेलं असतं. या गाड्या रिकाम्या असताना दोन टनांच्या वर असतात. टोकन दिल्यानंतर वॉचमनने ‘साहेब, ही वर चढणार नाही’ म्हटलं की रस्त्यावर गाडी लावण्याखेरीज उपाय उरत नाही. रस्त्यावर लावलेल्या आलिशान गाडीचे आरसे किती दिवस टिकतात, ते कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या सुट्या भागांच्या दुकानदारांना विचारा.

सुरक्षिततेबद्दल एवढंच सांगतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात मुंबई-अहमदाबाद महामार्गावर अपघात झाला तेव्हा उद्योगपती सायरस मिस्त्री ज्या गाडीत होते ती मर्सिडीज जीएलसी होती. मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता. दोघेही वाचले नाहीत; पुढचे दोघे वाचले. गाडी कितीही भारी असली तरी पट्ट्यावाचून तिच्या एअरबॅगा निम्म्या कामाच्या. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बाळखुर्चीशिवाय बसवलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब खाली हजार रुपये दंड आहे, पण दंडाच्या धाकाने पट्टा लावायचा असेल तर बोलणंच खुंटलं. तान्ह्या बाळाची खुर्ची किमान पंधरा महिन्यांपर्यंत मागे तोंड करून, मागच्याच सीटवर. पुढे, चालू एअरबॅगसमोर, कधीही नाही.

जुन्या गाडीबाबत यात एक भर पडते, ती रिकॉलची. ताकाता या जपानी कंपनीचे एअरबॅग इन्फ्लेटर दमट आणि उष्ण हवेत वर्षानुवर्षं राहिले की आतलं रसायन बिघडतं आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडतात. जगभर कोट्यवधी गाड्या त्यासाठी परत बोलावल्या गेल्या. त्यांत बीएमडब्ल्यूची जुनी एक्स-५ आणि मर्सिडीजची जुनी एमएल-जीएलही होती. दमट आणि उष्ण म्हणजे आपली मुंबई आणि सगळा कोकण. त्याच जुन्या एमएल आणि जीएलच्या ब्रेक बूस्टरमध्ये पाणी साचून गंज धरतो म्हणून २०२२ मध्ये मर्सिडीजने जगभरच्या सुमारे दहा लाख गाड्या परत बोलावल्या. गाडीचा चासी नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारलं की कोणता रिकॉल बाकी आहे ते कळतं, आणि ते काम फुकट होतं. हे न विचारता गाडी घेणं हा निव्वळ आळस.

गाडी बघायची ती थंड

विक्रेत्याला आधीच सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर समजा, सकाळच्या पहिल्या स्टार्टचा आवाज तुम्हाला ऐकू यायला नको होता. थंड इंजिन चालू होताना पहिले दोन-तीन सेकंद साखळी खुळखुळल्यासारखा आवाज येतो का, ते ऐका. काळा किंवा निळा धूर येतो का, ते दुसऱ्याला मागे उभं करून बघायला सांगा.

एअर सस्पेन्शनच्या गाडीची परीक्षा तिला हात न लावता होते. या गाड्या स्प्रिंगऐवजी हवेने फुगलेल्या रबरी फुग्यांवर उभ्या असतात. रबर आठ-दहा वर्षांत तडकतं, हवा हळूहळू सुटते, आणि ती भरून काढायला कॉम्प्रेसर रात्रंदिवस राबतो. राबून राबून एक दिवस तोही जळतो. म्हणून शक्य असेल तर गाडी संध्याकाळी एकदा बघा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, सुरू करण्याआधी, पुन्हा बघा. चारही चाकांवर टायर आणि मडगार्डच्या कडेमधलं अंतर बोटांनी मोजा. एक कोपरा दोन बोटं खाली बसला असेल तर त्या कोपऱ्याचा फुगा गेला. अधिकृत ठिकाणी एका चाकाचं काम लाखाच्या घरात जाऊ शकतं, आणि एक गेला की बाकीचे रांगेत उभेच असतात. साध्या स्प्रिंगचं मॉडेल मिळत असेल तर घरगुती वापराला तेच बरं, असं माझं मत. एअर सस्पेन्शनचं सुख खरं आहे, पण ते पहिल्या मालकाने भोगलेलं असतं.

मग सनरूफ. काचेचं मोठं छत असलेल्या गाड्यांत कडेने पन्हळ असते आणि चारही कोपऱ्यांतून बारीक नळ्या खांबांमधून खाली उतरतात. आपल्याकडे गाड्या गुलमोहराखाली, कडुनिंबाखाली उभ्या असतात. बारीक पानांनी त्या नळ्या तुंबतात, आणि जूनमध्ये पाणी वाट शोधत पायाखालच्या गालिच्यात उतरतं. छत उघडून पन्हळीत पेलाभर पाणी हळूच ओता. पुढच्या चाकामागून ते खाली पडताना दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर ते कुठेतरी आत गेलं आहे. या गाड्यांची इलेक्ट्रॉनिक डबडी अनेकदा सीटखाली किंवा डिकीच्या कोपऱ्यात, म्हणजे नेमकी पाणी साचेल तिथे असतात. क्यू-७ ची तर बॅटरीच पुढच्या सीटखाली आहे. म्हणून गालिचा उचलून खालचा फोम दाबून बघण्यात लाज वाटून घेऊ नका.

पुरात सापडलेली गाडी ओळखायलाही हेच ज्ञान कामी येतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर पुरातल्या गाड्या धुऊन-पुसून इतर शहरांत विकण्याचा धंदा जोरात चालल्याचं वाहनबाजारातला जुना माणूस अजून सांगतो. चेन्नईच्या २०१५ च्या पुरानंतरही हीच भीती होती. आता असा पूर दर एक-दोन वर्षांनी कुठल्या ना कुठल्या शहरात येतो. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ किंवा वेगळा रंग दिसला की पुढे बोलणी नकोत. सीटखालच्या रुळांवरचा गंज, स्टेपनीच्या खड्ड्यातली बारीक वाळू, आणि नको तितका घमघमणारा परफ्यूम, या तीन साक्षीदारांवर विश्वास ठेवा.

किलोमीटरचा आकडा फिरवता येतो, झीज फिरवता येत नाही. घड्याळात चाळीस हजार, पण ड्रायव्हरच्या सीटची उजवी कड सुरकुतलेली आणि ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत, असं असेल तर मीटर खोटं बोलतंय. आलिशान गाड्या पुष्कळदा ड्रायव्हर चालवतो आणि मालक मागे डावीकडे बसतो. ती सीट किती दबली आहे तेही बघा. टायरवर चार आकडी शिक्का असतो: ३२१९ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. चाळीस हजार किलोमीटरच्या गाडीला दुसऱ्यांदा नवे टायर कशाला लागले, हा प्रश्न विचारायला हरकत नाही. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत चारही टायर एकाच कंपनीचे आणि सारख्या झिजेचे हवेत, नाहीतर ट्रान्सफर केसवर ताण येतो.

हे सगळं करून झालं तरी शेवटी दहा-पंधरा हजार रुपये खर्चून अधिकृत सर्व्हिस सेंटरवर किंवा त्या ब्रँडचंच काम करणाऱ्या जाणत्या गॅरेजवर गाडी उचलून तपासून घ्या. तिथला माणूस संगणक जोडून वेगवेगळ्या मोड्यूलमध्ये नोंदलेले किलोमीटर वाचतो, रंगाची जाडी मोजतो (कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो, पुट्टी भरली की आकडा कितीतरी वर जातो) आणि खालून तेलाचा माग काढतो. ‘तपासणी कशाला, माझ्यावर भरवसा नाही का?’ असं म्हणणाऱ्या विक्रेत्याला चहाबद्दल आभार मानून निघावं.

कंपन्यांची स्वतःची जुन्या गाड्यांची दुकानं आहेत: ऑडी अप्रूव्ह्ड प्लस, बीएमडब्ल्यू प्रीमियम सिलेक्शन, मर्सिडीज-बेंझ सर्टिफाइड. तिथे पैसे जास्त पडतात, पण वॉरंटी मिळते. पहिल्यांदाच असली गाडी घेणाऱ्याने हे जास्तीचे पैसे मोजावेत.

दिल्लीची स्वस्त गाडी आणि कागद

काही जाहिरातींत किंमत डोळे दिपवणारी असते आणि नंबरप्लेट डीएल किंवा एचआर. त्यामागे एक कारण आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आणली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. २०२५ मध्ये त्यात काही सवलत मिळाली, पण तोवर नऊ वर्षांच्या धडधाकट डिझेल एसयूव्ही पडेल भावात विकून टाकायची तिथे सवयच लागली होती. गाडी वाईट असेलच असं नाही. मात्र तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र, फॉर्म २८, इथे आल्यावर पुन्हा नोंदणी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स हे सगळं किमतीत मिळवा. आपल्याकडे डिझेल गाडीचा टॅक्स वीस लाखांवरच्या किमतीला १५ टक्के आहे. जुन्या गाडीला घसारा वजा करून आकारणी होते, तरी रक्कम लाखांत जाते. बारा महिन्यांवर परराज्याच्या नंबरवर इथे गाडी चालवता येत नाही. हा सगळा खर्च मिळवला की दिल्लीची स्वस्ताई बरीचशी विरघळते.

बाकी कागद नेहमीचेच. फॉर्म २९ आणि ३० मालकी बदलायला. कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. आलिशान गाड्यांपैकी पुष्कळ कंपनीच्या नावावर घेतलेल्या असतात, तेव्हा विकणाऱ्या माणसाकडे संचालक मंडळाचा ठराव आहे का ते बघा. परिवहन खात्याच्या ॲपवर नंबर टाकून थकलेली चलनं बघा; द्रुतगती मार्गावरच्या कॅमेऱ्यांनी भारी गाड्यांवर विशेष माया केलेली असते. विम्याचं नाव चौदा दिवसांत बदलून घ्या, नाहीतर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्यासोबत जातो, तो तुम्हाला मिळत नाही. आणि पावसाळी शहरात राहत असाल तर इंजिन प्रोटेक्शनची जोड घ्याच. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्टर मारून चालू करायला गेलात आणि इंजिनात पाणी जाऊन कनेक्टिंग रॉड वाकला, तर साधा विमा ते नुकसान देत नाही.

घरी आणल्यावर

पहिलं काम ऑइल. कंपनी १५ हजार किलोमीटर किंवा वर्षाचा हिशेब देते. आपली धूळ, सिग्नलवरची रखडपट्टी आणि उन्हाळा बघता मी आठ ते दहा हजारांवर बदलायला सांगेन. ऑइल कॅनच्या पुढच्या बाजूच्या चित्रावर जाऊ नका, मागची मंजुरी वाचा: मर्सिडीजला २२९.५१ किंवा २२९.५२, ऑडीला ५०७ ००, बीएमडब्ल्यूला एलएल-०४. या मंजुरीचं ऑइल राख कमी करतं, आणि डिझेलचा काजळी फिल्टर त्याच्यावरच जगतो.

त्या फिल्टरबद्दल दोन शब्द. डीपीएफ म्हणजे धुराड्यातली काजळी पकडणारी जाळी. ती भरली की गाडी स्वतःच तिला तापवून काजळी जाळते, पण त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं सलग, बऱ्या वेगाने धावावं लागतं. सकाळी शाळा, दुपारी भाजी, संध्याकाळी क्लास, असं दोन-दोन किलोमीटरचं चालवणं असेल तर जाळीतली काजळी कधीच पूर्ण जळत नाही, जाळी तुंबते आणि महागात पडते. अशा घराने डिझेल घेऊच नये, पेट्रोल घ्यावं. तेव्हा वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल त्या वर्षाच्या मॉडेलला चालतं का, हे कंपनीला लेखी विचारावं. डिझेल घेतलीच असेल तर पंधरवड्यातून एकदा द्रुतगती मार्गावर तासभर फिरवून आणा. घरच्यांना फिरायचं निमित्तही मिळेल. २०२० नंतरच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत ॲडब्लू भरावं लागतं. ती टाकी पार रिकामी होऊ दिली तर गाडी पुन्हा चालूच होत नाही, त्यामुळे डॅशबोर्डवरचा पहिला इशारा मनावर घ्या.

गिअरबॉक्सचं तेल ‘आयुष्यभरासाठी’ असतं, असं शोरूमवाला सांगेल. कोणाच्या आयुष्यभरासाठी, ते सांगत नाही. एक्स-५, क्यू-७ आणि अनेक लँड रोव्हरमध्ये ज्या झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा बॉक्स आहे, ती कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षं या दरम्यान तेल बदलायला सांगते. सत्तर हजारांची गाडी घेतली असेल तर हे काम पहिल्या वर्षाच्या यादीत लिहून टाका. बॅटरी बदलाल तेव्हा ती एजीएम प्रकारचीच घ्या आणि संगणकावर नोंदवून घ्या. नुसती बसवली तर गाडी तिला जुनी समजून चुकीचं चार्ज करत राहते.

मे महिन्यात सनरूफच्या नळ्या, वायपरखालची पन्हळ आणि पोट साफ करून घ्या. कोकणात वारंवार जात असाल तर खालून पाण्याच्या झोताने खारी माती धुवा. आतल्या फिकट चामड्याच्या सीटबद्दल काय सांगावं! आंब्याचा रस, पेनची शाई आणि जीन्सचा निळा रंग यांपुढे जर्मन चामडंही हात टेकतं. मुलं लहान आहेत तोवर कव्हर घाला, लोक काय म्हणतील त्याची फिकीर नको.

वॉरंटी संपल्यावर अधिकृत सेंटर की बाहेरचं गॅरेज? ब्रेक, ऑइल, सस्पेन्शनचे बुश ही कामं जाणत्या बाहेरच्या गॅरेजमध्ये निम्म्या पैशांत होतात. एअरबॅग, सॉफ्टवेअर आणि रिकॉल ही मात्र अधिकृत ठिकाणीच. प्रत्येक बिल फाईलला लावा. पुढे विकताना तुमची गाडी त्या फाईलवरच विकली जाईल.

आता निवड. दोन लहान मुलं आणि अधूनमधून आजी-आजोबा असलेल्या घराला, बजेट पन्नास लाखांच्या पुढे जात असेल तर २०२२ नंतरची पेट्रोल क्यू-७ किंवा एक्ससी-९०, कंपनीच्याच दुकानातून, वॉरंटीसह. पंचवीस लाखांत बसवायचं असेल तर २०१७-१८ ची डिझेल, पण पहिल्या मालकाची, सगळी बिलं असलेली, आणि महिन्यातून दोनदा तरी महामार्ग बघणार असेल तरच. दोन्ही वेळा किमतीचा पाचवा हिस्सा गाडी घेण्याच्या दिवशीच बाजूला ठेवा आणि वर्षाला दोन लाख देखभालीचे धरून चाला. पंचवीस लाखांच्या गाडीला हे राखीव पाच लाख आज तुमच्याकडे नसतील तर टोकन देऊ नका. सरळ एखादी इनोव्हा घ्या. मागच्या सीटवर झोपलेल्या पोरांना बॉनेटवर कुठला बिल्ला आहे याने काही फरक पडत नाही.